हलवता येण्याजोगी

तुम्ही खोटारडे आहात, पहिल्यापासून खोटारडे — एवाल्ड मनात म्हणत होता, आणि बघत होता एका नटाकडे. नवा, जस्ताचा मुलामा दिलेला, चकचकीत नट. तो त्यानं तुमच्याच पत्रावर ठेवला होता, कारण गॅरेजसमोरच्या उतारावर बारीक सामान घरंगळतं आणि तुमचा कागद जाड होता. सरकारी कागद नेहमी जाडच, मजकूर जेवढा विरलेला तेवढा कागद दणकट. नटाच्या भोकातून पत्रातला एकच शब्द दिसत होता: ‘हलवता’. पुढचा ‘येण्याजोगी’ लोखंडाखाली झाकला गेला होता.

हलवता येण्याजोगी. शनिवारी सकाळी अकरा वाजता नदीकाठच्या कॅम्पवरच्या प्रत्येकानं आपापली कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, स्वतःच्या मोटारीला जोडायची, तिच्याच चाकांवर, जागेपासून फाटकापर्यंत ओढत न्यायची आणि परत आणायची. तुमचा माणूस फाटकाशी यादी घेऊन उभा राहणार. जी हलली ती गाडी. तिची जागा राहील. जी हलली नाही ती इमारत. आणि पुराच्या पट्ट्यात इमारतीला परवानगी नाही, म्हणून जागा रद्द, आणि गाडी — नाही, इमारत — तुमची माणसं येऊन मोडून नेणार. एवढं साधं. पस्तीस उन्हाळे ज्या गाडीत माणसं झोपली, भांडली, आजारी पडली, बटाटे सोलत पाऊस थांबायची वाट बघत बसली, ती गाडी काय आहे हे तुम्ही शंभर पावलांत ठरवणार. उंटावरून शेळ्या हाकणारे तुम्ही. लिप्पे नदीला पूर आला तेव्हा तुमच्यातला एकजण तरी गुडघाभर पाण्यात दिसला होता का?

आणि तेवढ्यासाठी बहात्तराव्या वर्षी मी पाठीवर पडून मोटारीला हुक बसवतोय, तो म्हणाला — मोठ्यानं नाही. मोटार मागून उचलून दोन स्टँडांवर ठेवली होती. बंपर काढून हिरवळीवर आडवा टाकला होता, आणि बंपर नसलेली मोटार कवळी काढून ठेवलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसत होती, गालफडं बसलेली, तोंड उघडं. आत, जिथं एरवी कोणाची नजर जात नाही तिथं, दोन्ही बाजूंच्या पोकळ तुळयांत हुकाच्या जाड पट्टीचे दोन हात सरकवायचे, बोल्ट घालायचे, आवळायचे. मग मधून खाली येणारी ती वाकडी लोखंडी मान आणि मानेवर लहान सफरचंदाएवढा गोळा. हुक भंगारवाल्याकडून आणलेला, याच मॉडेलच्या ठोकलेल्या मोटारीचा. तीस वर्षं खाणीत फिटर असलेल्या माणसाला हे काम म्हणजे कॉफीत साखर ढवळणं. तरी सकाळपासून तिसऱ्यांदा तो तोच बोल्ट उचलत होता, आट्यांवर फुंकर मारत होता आणि परत पत्रावर ठेवत होता.

काम लवकर संपायला नको होतं. हुक बसला की सांगू, असं त्यानं स्वतःशी ठरवलं होतं. त्याआधी ठरवलं होतं, पत्र आलं त्याच दिवशी सांगू. मग, हुक मिळाल्यावर. मग, बंपर निघाल्यावर… बंपर तर सकाळी नऊलाच निघाला.

कॅराव्हॅनला दांडी नव्हती.

म्हणजे होती, कारखान्यातून आली तेव्हा होती. दोन बाजूंनी तिरप्या येऊन पुढं एकत्र मिळणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्या, आणि टोकाला ती वाटी, जी मोटारीच्या गोळ्यावर उपडी बसते आणि खट्ट करून अडकते. मोटार आणि घर यांच्यामधला तेवढाच काय तो दुवा. बावीस वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, कॅम्प अजून उघडायचा होता तेव्हा, एवाल्ड एकटाच तिथं गेला आणि त्यानं ती दांडी कापली. ग्राइंडरनं नाही — ग्राइंडरचा आवाज पलीकडच्या काठापर्यंत गेला असता. हातकरवतीनं. दोन्ही पट्ट्या. दोन तास चाळीस मिनिटं, तीन पाती मोडली. उरलेल्या बुंध्यावर त्यानं फळ्या ठोकल्या, पाठीला तिरपी पाटी लावली, हिरवा रंग दिला — बाक झाला. रुंद, भक्कम बाक, व्हरांड्याच्या मधोमध, नदीकडं तोंड करून. ईस्टरला रोस्विता आली, हातात थर्मास, बाकाकडं बघून म्हणाली, “छान आहे,” आणि बसली. तेव्हापासून बावीस उन्हाळे ती तिथंच बसते आहे.

तिनं विचारलं असतं तर द्यायला त्याच्याकडं उत्तर तयार होतं. ‘येता-जाता अडखळायला होत होतं’ — असं. वाक्य चांगलं होतं, मजबूत होतं, कारण ती खरंच दोनदा त्या दांडीला अडखळून पडली होती. पण तिनं विचारलंच नाही. ते वाक्य तसंच राहिलं, कोऱ्या करकरीत सुट्या भागासारखं, कागदात गुंडाळलेलं. आजही तो ते जसंच्या तसं म्हणू शकला असता.

“‘सर्व बोल्ट आधी हातानं लावावेत, मग आवळावेत.’” रोस्विता बाहेर आली होती. तिच्या हातात हुकाबरोबर आलेला माहितीचा कागद होता, नाकावर चष्मा. तीस वर्षं बेकरीच्या काउंटरमागं उभी राहिलेली बाई. अजूनही ती कागद असा धरायची जणू कोणी ऑर्डर दिली आहे. “ऐकतोयस का, एवाल्ड? आधी हातानं.”

“मला शिकवतेस? जमिनीखाली हजार मीटरवर तीस वर्षं —”

“— तू पाने फिरवलेस, ठाऊक आहे. पण तिथं बंपर नव्हते.”

“तिथं अक्कल शिकवायला बायकाही नव्हत्या.”

“म्हणून तर बंद पडली खाण.” तिनं पान उलटलं. “दिव्यांच्या वायरीचं इथं पुढं आहे. तू त्यात घोळ घालणार, मी आत्ताच सांगून ठेवते. आणि ऐक, मी आरसे आणलेत. ते बाजूला लांब येणारे, कॅराव्हॅनवाले. दोन्ही. गॅसचं सिलिंडरही बदलून आणलं.”

एवाल्डनं मोटारीखालून तिचे पाय बघितले. घरातल्या सपाता, त्यावर पीठ सांडलेलं. “शंभर पावलांसाठी आरसे?”

“शंभर पावलांवर फाटक आहे,” ती म्हणाली. “फाटकाच्या पुढं रस्ता आहे.”

आणि ती आत गेली. तिच्या मागं स्वयंपाकघराचं दार लागलं नाही, उघडंच राहिलं, आणि त्याला खाली पडल्या पडल्या माहीत होतं की टेबलावर तो नकाशांचा जुना ग्रंथ उघडा आहे. पत्र आलं त्या दिवशी त्याला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही. तिनं पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला, म्हणाली — मग काय, हलवू या. आणि कपाटावरून तो ग्रंथ काढून ओल्या फडक्यानं पुसला. पोर्तुगालच्या पानावर तिची निळ्या पेन्सिलीची रेघ अजून होती. फिकी झाली होती, पण होती.

पहिला बोल्ट हातानं घातला. फिरला. दुसरा.

तेव्हाही असंच पत्र आलं होतं, तेव्हाही कागद जाड होता. खाण बंद होणार. त्या पत्रात तुम्ही — तुम्हीच नसाल, दुसरं कार्यालय असेल, पण तुमची सगळ्यांची शाई एकच — लिहिलं होतं की कामगारांनी हलण्याची तयारी ठेवावी. पन्नाशीच्या आतल्यांनी दुसऱ्या खाणीत, दुसऱ्या गावात. पन्नाशीच्या वरच्यांनी घरी. मी पन्नास वर्षं आणि चार महिन्यांचा होतो. चार महिने! तेव्हा म्हणालात, तुम्ही जागेला चिकटून बसता हाच तुमचा रोग. आता म्हणता, हलून दाखवा नाहीतर मोडतो. ज्यांना आयुष्यभर एका भोकात उतरवलं आणि त्याच भोकातून वर काढलं, त्यांच्याकडून तुम्हाला नाच पाहिजे. कागदी घोडे तुमचे, आणि धावायचं आम्ही…

घरी. त्या आठवड्यात रोस्विता त्याला म्हणाली होती, आणि ती इतकी हसत होती की तिच्या हातातला ट्रे थरथरत होता, “आता तू मोकळा. मी बेकरीत सांगून टाकते. गाडी जोडू आणि निघू. जिथं रस्ता संपतो तिथपर्यंत.” तो म्हणाला होता, बघू. म्हणजे त्याच्या तोंडून ‘हो’ निघाला होता आणि मागून ‘बघू’. त्या दिवसांत त्याला पहाटे चारला जाग यायची आणि पलंग लिफ्टसारखा खाली जातोय असं वाटायचं, थांबतच नाही असं वाटायचं. सगळं हलत होतं. घर, कॉलनी, शेजारच्या फ्रीडहेल्मच्या कबुतरांचा खुराडा, रस्त्यावरचे दिवे. एक गोष्ट तरी अशी पाहिजे होती जी काही झालं तरी हलणार नाही. हे तो स्वतःला सांगतो, आणि हे खरं आहे. पण एवढंच खरं नाही. ती निघेल, मी नाही म्हटलं तरी ती निघेल, माझ्याकडं वळूनही न बघता निघेल — हे त्याच्याखालचं खरं. ते हजार मीटर खाली आहे. तिथं दिवा नेला की विझतो.

“ग्लुक आऊफ, म्हाताऱ्या! बाहेर ये, नाहीतर तिथंच पुरतो तुला, खर्च वाचेल.”

फ्रीडहेल्मची सायकल बंपरला टेकली, कर्कश घासली. दोन घरं पलीकडं राहणारा, कॅम्पवरही शेजारीच. ‘ग्लुक आऊफ’ हा खाणवाल्यांचा नमस्कार, पण तीस वर्षांत त्यानं तो एवाल्डला एकदाही नीट केला नव्हता.

“बंपरला ओरखडा काढलास तर तुझी कबुतरं भाजून खाईन,” एवाल्ड म्हणाला.

“ती तुझ्यापेक्षा चिवट आहेत. हे घे, दिव्यांची पाटी आणलीये, मागं जोडलीस की कोणता लागतो कोणता नाही कळेल.” फ्रीडहेल्म उकिडवा बसला, त्याचे गुडघे कडाकडा वाजले. “काल सगळ्यांनी तालीम केली ना कॅम्पवर, तू आला नाहीस. काय सांगू, सर्कस! तिसऱ्या रांगेत तो शिंपी आहे बघ, त्याच्या गाडीच्या आसाला बर्चचं झाड लागलंय. लागलंय म्हणजे उगवलंय! मांडीएवढं खोड, बरोबर आस आणि तळाच्या मधून. तो म्हणतो, झाडासकट ओढतो. आणि एकानं खाली काँक्रीटच ओतलेलं. माझी हलली. पहिल्यांदा अशी किंचाळली की मला वाटलं माझी सासू आत आहे.”

“टायर?”

“नवे टाकले. तुझे?”

“नवे.”

“मग झालं. आता फक्त तो बाक उचलायचा. उद्या सकाळी येतो मी, दोघं मिळून फळ्या काढू, खाली दांडी बघू. वाटी तर गंजून दगड झाली असेल तुझी, एवढी वर्षं. डबाभर ग्रीस आणतो.”

एवाल्डच्या हातातला बोल्ट वाकडा घुसला. आटे अडले. त्यानं उलटा फिरवला, काढला, परत लावला. “मी बघतो माझं,” तो म्हणाला.

“तू काय बघणार, तुझी पाठ —”

“मी बघतो म्हटलं ना.”

रोस्विता दारात होती; कधीपासून होती कोण जाणे. तिच्या हातात ताटली, ताटलीत केकचे दोन तुकडे. “वाटीची काळजी सोड, फ्रीडहेल्म,” ती म्हणाली. “ती गंजलेली नाही.”

“तुला काय माहीत? तू काय बाकाखाली झोपतेस?”

“तुझी बायको तिला काय काय माहीत आहे ते तुला सांगते का?” ताटली त्याच्या हातात देत ती म्हणाली. “खा. आणि हात पुसून खा, कबुतरांचा वास येतोय.”

फ्रीडहेल्म हसला, त्यानं केक खाल्ला, सायकल उचलली, परत बंपरला घासली, गेला. एवाल्डला मोटारीखाली फक्त तिच्या सपाता दिसत होत्या. त्या हलल्या नाहीत. किती विश्वास, त्याला वाटलं — गंजलेली नाही, कारण एवाल्डच्या वस्तू गंजत नाहीत. तीस वर्षांचा फिटर, त्याच्या घरात दाराची बिजागरीही कधी कुरकुरली नाही — तिचा विश्वास असा आणि आपण असे. पण लगेच त्या विचारामागून चीड आली, कोणावर ते न कळणारी. सांगून टाक. आत्ता. तिच्या पायांना सांग, तोंडाला सांगायची हिंमत नसेल तर. त्यानं तोंड उघडलं.

“टॉर्क पाना लागेल,” तो म्हणाला. “तळघरात आहे.”

“मी आणू?”

“नको!” फार मोठ्यानं निघालं. “नको. मला माहीत आहे कुठं आहे.”

तळघराच्या पायऱ्या अकरा. पूर्वी कोळसा ओतायची खिडकी, तिच्याखाली फळ्यांचा जुना कप्पा. कोळसा गेला, कप्पा राहिला. डाव्या भिंतीला हत्यारं, उजवीकडं जॅमच्या बरण्या, आणि कप्प्याच्या मागं, भिंत आणि फळी यांच्या फटीत, ती. दांडीचं कापलेलं टोक, हातभर लांब, वाटीसकट. त्या मार्चमध्ये बटाट्यांच्या पोत्याखाली घालून आणलेलं. फेकून का दिलं नाही? नदी होती की समोर. बावीस वर्षांत हा प्रश्न त्यानं स्वतःलाही विचारला नव्हता — चांगलं लोखंड कोण फेकतं, एवढंच. खाणीतला टॉवेल गुंडाळला होता, निळ्या-पांढऱ्या चौकटींचा, आणि वर घाईघाईत तार पिळली होती. त्यानंतर कप्प्याच्या मागं तो कधी वाकला नव्हता. आज वाकला. का ते त्यालाही माहीत नव्हतं. डोक्यात हिशेब चालू होता — दोन बाजूंनी दोन जाड पट्ट्या लावायच्या, दहा मिलिमीटरच्या, आरपार आठ बोल्ट, वरून हिरवा रंग… तुमच्या माणसाला गुडघ्यावर बसून बघायची सवय नाही. शंभर पावलं टिकेल. शंभर पावलं जाऊन शंभर पावलं परत. जागा राहील. पोर्तुगालपर्यंत टिकणार नाही, पण जागा राहील…

तार नव्हती.

टॉवेल होता. तार नव्हती, स्वयंपाकघरातली पांढरी दोरी होती, आणि गाठ होती बेकरीतल्या खोक्याला मारतात तशी, एका ओढीत सुटणारी. टॉवेल धुतलेला होता. तिघडी घडी. या घरात टॉवेलची तिघडी घडी एकच माणूस घालतं.

त्यानं दोरी ओढली. सुटली. लोखंड काळं होतं, पण गंजाचं काळं नव्हे. हात लावला तर बोटं चकाकली. बावीस वर्षं ओलसर तळघरात पडलेल्या वाटीचा खटका जागच्या जागी जाम व्हायला हवा होता. त्यानं अंगठ्यानं दाबला. खटका गेला, आला. खट्ट. आवाज इतका हलका की त्याला तो कानांपेक्षा अंगठ्यातच जास्त जाणवला. त्यानं नाकाजवळ धरलं — शिवणयंत्राचं तेल. पुन्हा दाबला. खट्ट. हे एकदा घातलेल्या तेलाचं काम नव्हतं. हे दरवर्षी घातलेल्या तेलाचं काम होतं. कधी? जॅमच्या बरण्या ठेवायला ती ऑगस्टमध्ये खाली येते तेव्हा? की मार्चमध्ये — मार्चमध्ये तो फ्रीडहेल्मबरोबर खुराडा साफ करायला जातो, दोन तास, कधी अडीच…

तो कोळशाच्या कप्प्यावर बसला. वर तिची पावलं ऐकू येत होती. स्वयंपाकघर, दार, स्वयंपाकघर. ‘ती गंजलेली नाही.’ ती विश्वासानं बोलली नव्हती. ती माहितीनं बोलली होती. म्हणजे आरसे… म्हणजे गॅसचं सिलिंडर, नकाशे, ‘हलवू या’, सकाळपासून तो कागद वाचून दाखवणं, आधी हातानं मग आवळा — हे सगळं तिनं दांडी नाही हे माहीत असताना केलं. दांडी नसलेल्या गाडीसाठी आरसे. मग ती काय करते आहे? चेष्टा? इतकी वर्षं चेष्टा कोण करतं. शिक्षा? शिक्षा देणारा माणूस तेल घालतो का? का ती वाट बघते आहे… कशाची? की म्हाताऱ्याला आपणहून लाज वाटेल आणि तो शनिवारच्या आत हे टोक उचलून वर घेऊन येईल?

खाणीत एक रीत होती. छताला टेकू ज्यानं लावला, त्यानंच पहिल्यांदा त्याखाली बसून आपला पाव खायचा. मुकादम बाजूला उभा राहून बघायचा. मग बाकीचे. कोणी बोलायचं नाही, पण सगळ्यांना कळायचं कोणाचा टेकू कसा आहे. मी दांडी कापली, आणि तिच्यावर बसून बावीस वर्षं पाव तिनं खाल्ला. माहीत असून खाल्ला. मी मात्र त्या बाकावर कधी बसलो नाही, नेहमी पायरीवर. हे त्याला आत्ता, इथं, पहिल्यांदा लक्षात आलं. तिच्या लक्षात कधी आलं असेल?

त्यानं टॉवेल परत घातला. तिघडी. त्याची तिघडी तिच्यासारखी जमली नाही, कडा बाहेर आल्या. दोरीची ती गाठ त्याला येत नव्हती. त्यानं साधीच मारली, आणि मारता मारता कळलं की आता पुढच्या वेळी तिला कळेल.

टॉर्क पाना घेऊन वर आला तेव्हा ती जिन्याच्या तोंडाशी नव्हती, अंगणात होती. टेनिसचा जुना चेंडू भाजीच्या सुरीनं एका बाजूनं चिरत होती.

“सापडला?” तिनं विचारलं.

“काय?”

“पाना.”

“हो.”

तो खाली सरकला. आता हात थांबत नव्हते. एक एक बोल्ट, पाना टक्क म्हणेपर्यंत. टक्क म्हणजे पुरे, त्याच्या पुढं ओढलं तर आटे जातात. तीस वर्षं त्यानं पोरांना हेच शिकवलं, पाना काय म्हणतो ते ऐका, तुमचा राग काय म्हणतो ते नको. टक्क. तिनं विचारायला पाहिजे होतं. टक्क. बाक बघितला त्याच क्षणी विचारायला पाहिजे होतं, दांडी कुठं गेली, एवाल्ड? पाच शब्दही नाहीत. मी म्हणालो असतो, अडखळायला होत होतं. ती म्हणाली असती, खोटं. मग आमचं भांडण झालं असतं, ताटं फुटली असती, ती चार दिवस बहिणीकडं गेली असती, आणि मी पट्ट्या लावून आठ बोल्टांनी… त्या वेळी लोखंड ताजं होतं, जोडता आलं असतं. नवी दांडी मागवता आली असती, बावीस वर्षं होती त्याला. तिनं ती संधी दिली नाही. ती ‘छान आहे’ म्हणाली. टक्क. टक्क.

बंपर लागला. खाली खाच पाडली होती तिथून मान बाहेर आली, तिच्यावर गोळा. मोटार स्टँडांवरून उतरली तेव्हा स्प्रिंगांनी एक उसासा टाकला. रोस्वितानं वाकून तो चिरलेला चेंडू गोळ्यावर चढवला, पिवळा, एका बाजूला कुत्र्याच्या दातांच्या खुणा असलेला. कॉलनीत प्रत्येक हुकावर असा एक चेंडू असतो. तुमचा असतो, डॉक्टरचा असतो, पाद्र्याचाही असतो.

“आता कसा माणसांत आल्यासारखा दिसतो,” ती म्हणाली. “चल, दिवे बघू. मी आत बसते.”

तिनं आरसेही लावून टाकले होते, त्याचं लक्ष नव्हतं तेव्हा. दोन्ही बाजूंना, हात पसरल्यासारखे. तो मागं उभा राहिला, फ्रीडहेल्मची पाटी प्लगला जोडून दोन्ही हातांत धरून — शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा.

“डावा?”

“लागला.”

“उजवा?”

“लागला.”

“घोळ नाही घातलास! आता ब्रेक.”

दोन लाल दिवे पेटले. त्याच्या स्वेटरवर, हातांवर, बोटांवरच्या तेलावर लाल उजेड पडला. बोटं त्यानं पुसली नव्हती. पुसायचं राहून गेलं होतं, की… बाजूच्या लांब आरशात तिचा चेहरा आला. आरसा मागं येणाऱ्या अख्ख्या कॅराव्हॅनला बघण्यासाठी बनवलेला होता, त्यात तो डोक्यापासून पायापर्यंत मावत होता आणि आजूबाजूला बरीच जागा उरत होती. ती त्याच्याकडं बघत होती. पाय ब्रेकवरून उचलत नव्हती.

फरशीवर तुमचं पत्र पडलं होतं, ग्रीसचे डाग पडलेलं, नट आता त्यावर नव्हता. ‘येण्याजोगी’ उघडं पडलं होतं. एवाल्डनं तुम्हाला काहीतरी म्हणायला तोंड उघडलं — सकाळपासून चाललं होतं तसं, दणकट, मुद्देसूद — आणि तुम्ही तिथं नव्हता. कोणीच नव्हतं. फाटकाशी यादी घेऊन उभा राहणारा तुमचा माणूसही एकाएकी त्याला कसातरीच वाटला, पोरगा, बूट चिखलात, त्याला काय ठाऊक.

मग तू. तू खोटारडी आहेस, पहिल्यापासून खोटारडी — त्यानं म्हणून बघितलं. वाक्य उभं राहिलं नाही. तेल त्याच्या बोटांना होतं, शिवणयंत्राचं, आणि वास आता इथंही येत होता, डांबराच्या आणि रबराच्या वासातून, स्पष्ट. जागा जाईल, जाऊ दे. शनिवारी ते मोडतील, मोडू दे. फळ्या उचलल्या की सगळा कॅम्प बघेल, फ्रीडहेल्म दहा वर्षं हसेल, हसू दे. यातलं काहीच त्याला आता तेवढं मोठं वाटत नव्हतं. एकच गोष्ट पाहिजे होती — तिनं विचारावं. भांडून विचार, हसून विचार, ओरडून, सगळी कॉलनी ऐकेल असं विचार. ते ‘अडखळायला होत होतं’ मी नाही म्हणणार, शपथ, ते वाक्य मी तळघरातच टाकून आलो. पण आधी तू सांग. तेल घालत होतीस, घडी घालत होतीस, माझ्याच पापावर बसून नदी बघत होतीस, आणि एकदाही, रोस्विता, बावीस वर्षांत एकदाही विचारलं नाहीस — का? सोडू नकोस तो पाय, माझ्याकडं बघ आणि सांग, का विचारलं नाहीस? मला उत्तर पाहिजे.